बर्फावरचे हवालदार

आमच्या सोसायटीचे हवालदार बी विंगच्या लिफ्टमध्ये कधीही पाय ठेवत नसत. अकराव्या मजल्यावर पाणी गळत असलं तरी ते जिन्याने चढून जात. ए आणि सी विंगच्या लिफ्ट त्यांना चालत. मी लहानपणी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "हितं आमची विहीर व्हती. सत्तर फूट. विहिरीत कुणी असं गुपचूप हुभं राहून उतरतं व्हय?"

हडपसर ओलांडून मांजरीकडे निघालं की डाव्या हाताला आमची सोसायटी लागते. ती जमीन त्यांच्या भावकीची. ते फौजेत होते तेव्हा भावांनी सह्या केल्या, आणि हे निवृत्त होऊन परत आले तोवर उसाच्या जागी तीन विंग उभ्या राहिल्या होत्या. मग त्याच जागेवर ते सिक्युरिटीचे प्रमुख म्हणून नोकरीला लागले. या सगळ्याबद्दल त्यांच्या तोंडून वाकडा शब्द मी कधी ऐकला नाही. फक्त ती लिफ्ट.

उंची बेताची, मान किंचित पुढे काढलेली, आणि गुडघे नेहमी जरासे वाकवलेले. चालताना ते पाय उचलत नसत, सरकवत. पार्किंगमधून ते येत असले की चपलांचा सर्र सर्र असा आवाज आधी यायचा. सोसायटीतल्या लोकांना वाटायचं, गुडघ्याचं दुखणं असेल. तसं काही नव्हतं. लडाखमध्ये काढलेले सहा हिवाळे त्यांच्या पायांतून गेले नव्हते, एवढंच.

मी नऊ वर्षांची होते. वाढदिवसाला चाकांचे बूट मिळाले होते आणि मी तळघरातल्या पार्किंगमध्ये खांबाला धरून उभी होते. दोन पावलं गेले आणि सपशेल आपटले. हवालदार फेरीवर होते. ते धावत आले नाहीत. लांबूनच बघत राहिले. मी लाजून म्हटलं, "सॉरी काका."

"कुणाला म्हणती सॉरी? जमिनीला?" ते जवळ येऊन उकिडवे बसले. "पोरी, तुला पडायला येत न्हाई. उद्या साडेपाचला ये. आधी पडायचं शिकू."

पुढचा महिनाभर मी फक्त पडत होते. कुल्ल्यावर, कुशीवर, गुडघ्यांवर. हात टेकायचा नाही, मूठ मिटून घ्यायची, म्हणजे मागून येणाऱ्याच्या पात्याखाली बोटं जात नाहीत. इथे कुणाच्याच पायात पातं नव्हतं, पण त्यांच्या डोक्यात पातीच होती. बघता बघता आम्ही अकरा मुलं-मुली जमलो. सोसायटीतल्या पालकांना वाटलं, काका पोरांना स्केटिंग शिकवतायत. ते शिकवत होते आइस हॉकी.

चेंडूऐवजी चकती, तीही जुन्या टायरमधून कापलेली. काठ्या त्यांनी स्वतः प्लायवूड तासून केलेल्या. माझे गोलकीपरचे पॅड त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, जुनी गादी आणि ट्रकची ताडपत्री वापरून शिवले होते. ते पाण्याने भिजले की वाळायला चार दिवस लागायचे. मला गोलमध्ये उभं करण्याचं कारण त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "ह्यांचं डोळं मिटत न्हाईत."

ह्यांचं. हे त्यांचं आणखी एक वेड. एरवी ते आम्हाला अरे-तुरे, पोरी, लेकरा असंच म्हणत. पण पायात बूट चढले की सात वर्षांच्या मुलालासुद्धा अहो-जाहो. "अहो, तुम्ही काठी झाडूसारखी धरलीय." "अहो, रडून घ्या आधी, मग बोलू." आमच्या आईला वाटायचं ते थट्टा करतात. थट्टा नव्हती. बूट घातलेला तो खेळाडू, आणि खेळाडूला एकेरी हाक मारायची नाही, असा त्यांचा सरळ हिशोब होता. बूट काढले की लगेच, "चल गं, पळ घरी, आई वाट बघत असंल."

ए विंगमध्ये एक निवृत्त आजोबा होते, मूळचे नारायण पेठेतले. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून आमचा सराव बघत. एकदा म्हणाले, "हवालदार, पुण्यात बर्फ फक्त लग्नाच्या सरबतात असतो. आपण या मुलांना नक्की कुठे पोहायला पाठवताय?"

हवालदार म्हणाले, "जातील की कुठंतरी. पाय तर तयार पायजेत."

काहीही शिकवताना त्यांची सुरुवात ठरलेली असायची: "आमच्या बाई सांगायच्या." वळताना आतल्या पायावर वजन टाका, आमच्या बाई सांगायच्या. चकतीकडे बघू नका, समोरच्याच्या कमरेकडे बघा, कंबर खोटं बोलत नाही, आमच्या बाई सांगायच्या. आम्हाला वाटायचं, या बाई म्हणजे फौजेतली कुणी मोठी अधिकारी असणार. शिट्टी, कडक इस्त्री वगैरे. मी तेरा वर्षांची झाले तेव्हा एकदा विचारलंच, "काका, तुमच्या बाई आता कुठे असतात?"

"तितंच असतील. लेहजवळच्या एका गावात. बारा वर्षाच्या व्हत्या तवा."

"बारा वर्षांपूर्वी?"

"न्हाई गं. वय बारा. सहावीत व्हत्या." मग त्यांनी सांगितलं. त्यांची तुकडी होती त्या गावाजवळ एक तळं होतं, हिवाळ्यात ते गोठायचं. सुट्टीच्या दिवशी जवान तिथे जायचे. हे उसाच्या फडातून थेट तिथे पोहोचलेले, बावीस-तेवीस वर्षांचे. पहिल्याच दिवशी इतक्यांदा पडले की सगळे हसून हसून थकले. हसली नाही ती एक मुलगी. ती जवळ येऊन हिंदीत म्हणाली, आधी पडायला शिका. सहा हिवाळे ती त्यांना शिकवत होती. नाव पद्मा. "माझ्या छातीएवढ्या व्हत्या. पण शिकवलं त्यांनी. मग बाईच म्हणायचं ना त्यास्नी?"

त्याच वर्षी आमच्यातल्या एका मुलाचं मनगट मोडलं. सोसायटीच्या कमिटीने नोटीस लावली: तळघरात कोणत्याही प्रकारचे खेळ खेळण्यास सक्त मनाई. सेक्रेटरी माझे बाबाच होते. सही करून आल्यावर ते आईला म्हणाले, "मला तरी काय हौस आहे? उद्या कुणाचं डोकं फुटलं तर जबाबदार कोण?" मी आतल्या खोलीत ऐकत होते. बाहेर आलेच नाही.

हवालदारांनी नोटीस वाचली, तिचा एक कोपरा सुटला होता तो अंगठ्याने नीट दाबून चिकटवला, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा सहा जणांना घेऊन मांजरीला गेले. बाकीच्या पाचांच्या घरून परवानगी मिळाली नाही. मांजरीत त्यांच्या एका पाहुण्याचं मंगल कार्यालय होतं. लग्न नसेल त्या दिवशी तिथली फरशी आमची. गुळगुळीत, लांबरुंद, एकदम झकास. फक्त अक्षता. कितीही झाडलं तरी कुठल्यातरी कोपऱ्यात चार दाणे राहायचेच, आणि चाकात एक दाणा अडकला की माणूस जागच्या जागी थांबायचा आणि त्याचं धड पुढे जायचं. म्हणून रोज पहिली दहा मिनिटं हवालदार स्वतः केरसुणी घेऊन ओणवे फिरत, आणि आम्ही मागून ओल्या फडक्याने. नवरा-नवरीच्या दोन सोनेरी खुर्च्या एका टोकाला ठेवल्या की तो एक गोल. त्या खुर्च्यांच्या मधे मी तीन वर्षं उभी राहिले.

मी पंधराची झाले तेव्हा एका रविवारी सकाळी ते आम्हाला हडपसरच्या बाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेले. कुणाशी तरी बोलून ठेवलं होतं. कामगारांनी भुसा झटकून चार लाद्या जमिनीवर ओळीने लावल्या. हवालदारांनी आम्हाला एकेकाला मोजे घालून त्यावर उभं केलं. "घाबरायचं न्हाई. थंड हाय, एवढंच. ह्याच्यावर राग धरू नका, हे बी तुमच्यावर धरणार न्हाई."

मग त्यांनी पिशवीतून एक जुना लोकरी मफलर काढला. तो उलगडला तर आत पात्यांचे बूट. काळं चामडं, भेगा पडलेलं. त्यांच्याकडे असे बूट आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. ते घालून, माझा खांदा धरून, ते लादीवर चढले. हात सोडला. चार लाद्या म्हणजे जेमतेम दोन माणसं आडवी झोपतील एवढी लांबी. तेवढ्यात ते हळूच सरकले, शेवटच्या लादीच्या काठावर पाती आडवी करून थांबले, आणि तिथेच उभे राहिले. कामगार हसत होते. एकाने शिट्टी मारली. हवालदारांना ते ऐकूच आलं नाही. डोळे मिटलेले होते आणि नाकाने ते लांब लांब श्वास घेत होते. मग ते खाली उतरले. त्यांनी पाती मफलरने पुसली, पुन्हा पुसली, आणि म्हणाले, "चला, वडापाव खाऊ."

मी त्यांना बर्फावर पाहिलं ते एवढंच.

सोळाव्या वर्षी माझी निवड झाली. परदेशात आशियातल्या देशांच्या ज्युनिअर मुलींची आइस हॉकी स्पर्धा होती, आणि आपल्या संघाला गोलकीपर कमी पडत होत्या. निवड चाचणीसाठी एखाद्या नोंदणी असलेल्या क्लबचं पत्र लागायचं. म्हणून त्याआधी आठ महिने बाबांनी मला शहरातल्या एका मोठ्या अकादमीत घातलं. तिथले सर चांगले होते, तरुण, इंग्रजी छान बोलायचे. त्यांनी मला खरे पॅड दिले. हवालदारच म्हणाले होते, "जा. कागद लागत असंल तर लागतो. हितं काय, अक्षताच हायेत."

निघताना त्यांनी एकच काम सांगितलं. स्पर्धेआधीचं शिबिर लेहला होतं. "बाई भेटतात का बघ. पद्मा नाव. आता पन्नाशीला आल्या असतील. सांग, तो पुण्याचा जवान अजून पडतोय म्हणावं."

मी दोघा-तिघांना विचारलं. पद्मा नावाच्या बायका तिथे गल्लोगल्ली. गावाचं नाव मी लिहून नेलं होतं, पण ते वीस किलोमीटरवर होतं, आणि आम्हाला रविवारी अर्धाच दिवस मोकळा. त्या अर्ध्या दिवशी मी बाकीच्या मुलींबरोबर बाजारात गेले. तिथे सगळ्याजणी आपापल्या कोचबद्दल सांगत होत्या. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "एक एक्स-आर्मी ऑफिसर आहेत." खोटं अगदी सहज निघालं. सोसायटीचा वॉचमन हा शब्द माझ्या जिभेपर्यंत आला होता आणि मी तो गिळला होता. वॉचमन. मनातल्या मनातसुद्धा मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा तसं म्हटलं.

स्पर्धेतला पहिला सामना आम्ही चौदा-शून्य हरलो. परदेशातली ती रिंक एका मॉलमध्ये होती. आत शिरलं की फ्रीज उघडल्यासारखा वास, पांढरा लख्ख प्रकाश, आणि समोरच्या मुली अशा धावत होत्या की जणू चालायला शिकायच्या आधी त्या हेच शिकल्या असाव्यात. चकती दिसायचीच नाही. जाळं हलल्यावर कळायचं. सामना संपल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून रडत होते, तेव्हा फोन वाजला. हवालदार. मोबाइलवर सामने थेट दिसत होते. त्यांनी गेटवरच्या केबिनमध्ये वहीला टेकवून फोन उभा केला होता आणि पूर्ण दीड तास एकाही गाडीची नोंद न करता फाटक उघडं टाकलं होतं. त्याबद्दल त्यांना कमिटीकडून लेखी समज मिळाली, हे मला नंतर कळलं.

"किती गेले?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

"आले किती?"

"म्हणजे?"

"तुमच्या अंगावर एकूण किती आले? म्या वहीत रेघा मारल्यात. एकसष्ट. चौदा गेले. बाकीचे सत्तेचाळीस कुणी अडवले, मॉलच्या वॉचमननं?"

मी रडता रडता हसले. ते म्हणाले, "तिसऱ्याला तुम्ही डावीकडं आधीच झुकला. त्यावर आल्यावर बोलू. जेवा आता."

पुढचा सामनाही आम्ही हरलो. तिसरा जिंकलो, दोन-एक. शेवटच्या मिनिटात त्यांची एक मुलगी एकटीच माझ्यासमोर आली आणि मी तिच्या कमरेकडे बघत राहिले. ती माझ्या उजव्या बाजूला वळली, मी उजवीकडे पडले, आणि चकती माझ्या पोटाखाली सापडली. आमच्या मुलींनी मला उचललं. त्या गोंधळातच टीम मॅनेजरने फोन हातात दिला. पुण्याच्या एका वर्तमानपत्रातून होता. बातमीदाराने कसं वाटतंय वगैरे विचारलं, आणि मग, "तुमचे प्रशिक्षक कोण? हे सगळं कुणी शिकवलं?"

बाजूला मॅनेजर उभ्या होत्या. माझ्या दोन मैत्रिणी, ज्यांना मी आर्मी ऑफिसर सांगितलं होतं, त्याही उभ्या होत्या. मी अकादमीच्या सरांचं नाव सांगितलं. बातमीदार म्हणाला, "आणखी कुणाचं नाव घालायचं का?"

त्याने खरंच विचारलं होतं. हे मला कधी विसरता आलेलं नाही. मी म्हटलं, "नाही, तेच."

परत आले तेव्हा गेटवर सगळे गार्ड रांगेत उभे. मधे हवालदार, कडक गणवेशात, छातीवर फौजेतली पदकं लावून. त्यांनी सॅल्यूट ठोकला. बातमीचं कात्रण त्यांनीच नोटीस बोर्डवर लावलं होतं, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून. संध्याकाळी मी जिन्याने खाली येत होते, तर बोर्डासमोर ए विंगचे आजोबा आणि हवालदार उभे होते. दोघांची पाठ माझ्याकडे.

आजोबा म्हणाले, "बातमी उत्तम आहे. मात्र आपलं नाव छापायला शाई कमी पडलेली दिसते."

"आसंल की," हवालदार म्हणाले. "बारीक अक्षरात आसंल खाली. म्या चश्मा न्हाई आणला."

आयुष्यभर कुणाला शब्दाने सोडलं नाही त्या माणसाने हळूच हवालदारांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो निघून गेला. मी पाय न वाजवता जिना परत चढले.

हवालदारांनी त्या विषयावर मला एक अक्षर विचारलं नाही. पण त्यानंतर मी चपलेत असले, शाळेच्या गणवेशात असले, भाजी आणायला निघालेली असले, तरी ते मला अहोच म्हणायला लागले. "अहो, बाबांना सांगा, टँकर आलाय." आधी मला तो मान वाटला. काही दिवसांनी कळलं की पोरी ही हाक बंद झाली आहे. मी मागच्या फाटकाने ये-जा करायला लागले. मंगल कार्यालयात तर पुन्हा गेलेच नाही. बारावी आहे, असं सांगायचे. नंतर इंजिनिअरिंग, नंतर बंगळूरची नोकरी. दरम्यान मंगल कार्यालयाला रोजचीच मागणी आली, मुलं चारावर आली, मग दोनावर, मग कुणीच नाही. त्यांनी सोसायटीची नोकरीही सोडली. हे सगळं आई फोनवर, भाजीचे भाव सांगावेत तसं मधूनमधून सांगायची.

एकदा ती म्हणाली, "हवालदारांचा पाय कापला गं. साखर वाढली होती. उजवा, घोट्याच्या वरून."

ते ऐकल्यावर मी मांजरीला त्यांच्या घरी जायला आणखी अकरा महिने लावले.

गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. रस्त्यालगत दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. हवालदार खाटेवर बसले होते, मांडीवर गोधडी. बारीक झाले होते. मला बघून म्हणाले, "या." काकूंनी चहा ठेवला. मी बंगळूरबद्दल बोलले, हवा, ट्रॅफिक, काय वाट्टेल ते. मग एकदम माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. आर्मी ऑफिसर, बाजार, फोन, बातमीदाराने दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न, सगळं. काकू दारात कप घेऊन तशाच थांबल्या होत्या.

हवालदार रस्त्याकडे बघत होते. उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत थांबले. मी वाट बघत होते की ते म्हणतील, जाऊ दे, झालं गेलं.

"सांगायला पायजे हुतं पोरी," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"माझं सोड. छापून येऊन म्या काय करणार हुतो? पण त्यांनी माझं नाव छापलं असतं तर कुणीतरी मला इचारायला आलं असतं, तुम्हाला कुणी शिकवलं. मग म्या बाईंचं नाव सांगितलं असतं. तयारी करून बसलो हुतो. दाढी बी केलेली." त्यांनी गोधडीवरचा एक धागा ओढून तोडला. "पेपर लांब लांब जातो म्हणं. कुणी सांगावं, गेला असता लेहपर्यंत."

काकू म्हणाल्या, "आता कशाला त्ये? पोर रडाय लागली."

"रडू दे. रडून घ्या आधी," ते म्हणाले. आणि खरोखर माझं रडणं संपेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "आता उठ. तो तिसरा गोल दाखव. डावीकडं का झुकलीस आधी?"

आणि मी, चोवीस वर्षांची, ऑफिसची पिशवी बाजूला ठेवून, त्या पडवीत गुडघे वाकवून उभी राहिले. काकूंची केरसुणी हातात घेतली. हवालदार खाटेवरून ओरडत होते, "खाली! आणखी खाली! आता ती आली समोरून. बघ, बघ, हितं चुकलीस, खांदा आधी गेला." रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत होते. त्यांनी चौदाच्या चौदा गोल माझ्याकडून करून घेतले. एकेक त्यांना पाठ होता. सातवा आणि अकरावा माझी चूक नव्हती, असा त्यांनी निकाल दिला. उठून पुढे यायचं म्हणून त्यांनी एकदा पाय खाली टाकला आणि तो तिथे नाही हे त्यांच्या लक्षात आलं. काकूंनी पटकन धरलं. ते म्हणाले, "काय न्हाई, काय न्हाई," पण त्यानंतर आवाज खाली आला.

निघताना मी म्हटलं, पुढच्या महिन्यात पुन्हा येते. तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. मी पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. संपादकीय विभागातला एक तरुण म्हणाला, आठ वर्षांपूर्वीच्या बातमीत आता दुरुस्ती छापता येत नाही, तुम्ही खाली निधनाच्या छोट्या जाहिराती घेतात तिथे विचारा. खाली खिडकीशी एक वयस्कर गृहस्थ फॉर्म भरून घेत होते.

"मृताशी आपलं नातं?"

"विद्यार्थिनी."

"मुलगा, सून, नात, पुतण्या, असं काही नाही का? बरं. कशाच्या विद्यार्थिनी?"

"आइस हॉकीच्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पुण्यात?"

"मांजरीत."

"अहो, हसत नाही मी. आइसमधली इ पहिली की दुसरी, ते विचारतोय. इथे चूक झाली की लोक आम्हाला सोडत नाहीत."

आम्ही दोघांनी मिळून मजकूर तीनदा तपासला.

तो छापून आला त्या सकाळी मी अंक घेऊन मांजरीला गेले. काकू पडवीत खाटेशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. खाटेवरची गादी काढून टाकली होती. अंक हातात घेऊन त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं आणि तो मला परत दिला. म्हणाल्या, "बारीक हाय लई. तूच वाच."

मी वाचलं, "हवालदार सोपान गेनू ढमाले, आइस हॉकी प्रशिक्षक, मांजरी."

शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी धुणं वाळत घालत होत्या. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

"मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या. "त्यास्नी बी ऐकू दे."

मी उभी राहिले आणि मोठ्याने वाचलं.